योजनेतला पुतण्या

सुपारी फोडायच्या आधी भीमाप्पांनी निपाणीच्या पाहुण्यांना पुन्हा एकदा सांगितलं, की मुलीच्या वडिलांना, शिवप्रसादला, तसं काही झालेलं नाही.

"पित्त हो! दुसरं काय? इचलकरंजीला मागावर उभं राहून राहून जेवणाच्या वेळा चुकत्यात. आमचा डॉक्टर पोरगा सोमशेखर म्हटला, चार दिवस आराम कर. घरचाच दवाखाना हाय. स्पेशल रूम दिलीया त्याला, एसी-बिसी सगळं."

"तब्येत पैली," होणारे व्याही बाळासो म्हणाले. तंबाखूचा व्यापार करणारा हा माणूस बेताचंच बोलायचा. "जाताना मुलीच्या वडिलांना भेटून जाऊ की."

"भेटूया की! मीच घेऊन जातो तुम्हाला," भीमाप्पा म्हणाले आणि खुशीत मिशीवरून हात फिरवला. त्यासाठी तर त्यांनी पुतण्याला कालच स्पेशल रूममध्ये हलवलं होतं.

बायकांच्या बाजूला बसलेल्या रत्नव्वानं हे ऐकलं आणि मांडीवरचे हात पदराखाली घेतले. पित्त! तिच्या लेकाच्या, शिवाच्या, हृदयाच्या मुख्य नळीत गाठ अडकून बसली होती. तीन दिवसांपूर्वी सोमशेखरनं तिला पडद्यावर ती जागा बोट ठेवून दाखवली होती. सोमवारी तिथं नळी उघडी ठेवायला स्प्रिंग बसवायची ठरली होती. पण सोमवार यायच्या आत आज रविवारची सुपारी होती, आणि भीमाप्पांचं म्हणणं असं, की सुपारी फुटेपर्यंत व्याह्यांच्या कानावर काही जाता कामा नये. थोरल्या दिरापुढं बोलायची सोय नव्हती. शिवाय प्रश्न रक्षिताचा होता. समोर पाटावर बसलेली आईवेगळी नात हिरव्या साडीत अशी गोड दिसत होती, की रत्नव्वानं 'पित्त' हा शब्द गिळला.

गिळला खरा, पण तो खाली उतरेना. काल भाकरी घेऊन ती वॉर्डात गेली, तेव्हा शिवाची कॉट रिकामी होती आणि गादी उलटी करून ठेवलेली. गेला, असंच तिला वाटलं. नर्सनं धरून बसवलं, पाणी दिलं आणि सांगितलं, अहो, त्यांना वर हलवलंय, मोठ्या खोलीत. मग ती मोठी खोली बघितली. सोफा, टीव्ही, खिडकीला पडदे. वॉर्डात शिवाच्या डोक्याशी सारखं टिक टिक करणारं यंत्र होतं, समोर नर्सचं टेबल होतं, शेजारी आजऱ्याच्या काजू कारखान्यातला एक बडबड्या माणूस होता. इथं शिवा एकटा होता. आणि त्या खोलीचं दार सोडलं की आपोआप बंद व्हायचं. ते दार बंद होतानाचा आवाज तिला रात्रभर आठवत होता.

ती उठली आणि स्वयंपाकघरात गेली.

दानेश्वरी शिऱ्यावर वेलदोडा घालत होती. सोमशेखरची ही बायको दवाखान्याचं ऑफिस सांभाळायची. माहेर गडहिंग्लजचं, बोलणं सरळ. घरातल्या बायकांत रत्नव्वाला तिचाच काय तो आधार वाटायचा; या चुलतसासूला ती नवऱ्यासारखंच चिक्कव्वा म्हणायची.

"दानेश्वरी, त्या खोलीत यंत्र हाय का गं? वॉर्डात व्हतं तसलं?"

दानेश्वरीचा हात थांबला.

"न्हाय, चिक्कव्वा. बेल हाय. दाबली की नर्स येती."

"आन् दाबायचंच जमलं न्हाय तर?"

दानेश्वरीनं वेलदोड्याची वाटी खाली ठेवली. तिलाही काल रात्री झोप लागली नव्हती, पण सासऱ्यापुढं तिनं एकदाच तोंड उघडलं आणि मग मिटलं. त्याचा तिला आता राग येत होता.

"मला विचारलंच न्हाय अप्पांनी," ती हळू आवाजात म्हणाली. "ऑफिसातल्या क्लार्कला सरळ सांगितलं. आमचा माणूस सरकारच्या मोफत उपचाराच्या योजनेत नको. केस बंद कर, बिल माझ्या नावानं कर. त्यानं केली. मी म्हटलं, अप्पा, योजना गरिबांसाठीच हाय आन् शिवाभावजी मागावरचं कामगार हायत. तर मलाच म्हणाले, आपण मठात दासोहाच्या पंगती घालणारी माणसं, दासोह खाणारी न्हवं."

"त्यांच्या नावानं बिल," रत्नव्वा म्हणाली. "तेचंच मला जास्त भ्या हाय."

दानेश्वरीला ते सांगायची गरज नव्हती. रत्नव्वाचा नवरा इराप्पा आजारी पडला, तेव्हा थोरल्या भावानंच त्याला मिरजेला नेऊन बरं केलं होतं. बरं केलं हे खरं होतं, कुणी नाकारत नव्हतं. पण नंतर प्रत्येक सणाला, प्रत्येक पाहुण्यासमोर भीमाप्पा म्हणायचे, ह्याला मी जगवला. इराप्पा भावाच्या अडतीत गुळाच्या ढेपी मोजत राहिला, पगार मागितला नाही, घरातला वाटा मागितला नाही, आणि गेला तोही मान खाली घालूनच. तेरावं झाल्यावर रत्नव्वा लहान शिवाला घेऊन इचलकरंजीला निघून गेली ती त्यासाठीच. आता तेच बिल फिरून तिच्या लेकाच्या नावावर येत होतं.

बाहेर सुपारी फुटल्याचा आवाज आला आणि बायकांनी हळद-कुंकवाची ताटं उचलली. त्याच वेळी दानेश्वरीचा फोन वाजला.

"बोल सोनम... काय? नीट बघितलंस का? बाथरूममधे?" तिनं शिऱ्याखालचा गॅस बंद केला. "जिन्यात बघ. खाली बघ. मी आले."

"काय झालं?" रत्नव्वानं विचारलं.

"नर्स सोनम जेवणाचं ताट द्यायला गेली, तर खोलीत शिवाभावजी न्हाईत."

*

सोमशेखरनं गाडी कशी चालवली हे त्याला नंतर आठवलं नाही. शाहूपुरीतून निघताना मागच्या सीटवर चिक्कव्वा, दानेश्वरी आणि हिरव्या साडीतली रक्षिता बसली होती. रत्नव्वा फक्त 'शिवा, शिवा' म्हणत होती. ते देवाचं नाव होतं की लेकाचं, कळत नव्हतं. मागून अप्पांची गाडी येत होती आणि त्या गाडीत बाळासोसुद्धा होते. चला, आम्ही बी येतो, म्हणाले. नको म्हणायला अप्पांना कारण सुचलं नाही.

सोमशेखरला माहीत होतं, की शिवानं चालायचं नव्हतं. संडासापर्यंतसुद्धा धरून न्यायचं, असं त्यानं स्वतः फाइलवर लिहिलं होतं. अप्पांनी खोली बदलली तेव्हा त्यानं यंत्र वर पाठवायला हवं होतं. पण यंत्रं मोजकी, वॉर्डात माणसं जास्त, आणि बापाशी भांडायचा त्याला कंटाळा आला होता. दवाखान्याच्या काळजीनं तो तसाच अर्धा झाला होता. सरकारकडून योजनेचे पैसे महिनोन्महिने अडकत होते, औषधवाले फोन उचलत नव्हते, आणि आज सकाळीच त्यानं काउंटरशेजारी एक बोर्ड लावला होता. दारातून आत शिरताना त्यानं त्या बोर्डाकडं बघितलं नाही.

"सर, वॉर्डात!" सोनम जिन्यावरूनच ओरडली. "वॉर्डात हायत!"

शिवप्रसाद आपल्या जुन्या कॉटवर होता. वर एकट्याला करमेना, जीव घाबरा झाला म्हणून तो भिंतीला धरत धरत खाली गप्पा मारायला आला होता. आजऱ्याच्या माणसाशेजारी बसला, अर्धं वाक्य बोलला आणि छाती धरून आडवा झाला. त्या माणसानं दवाखाना डोक्यावर घेतला, म्हणून सोनम पळत आली. तारा लावल्या, तोंडावर ऑक्सिजन लावला. हेच वर त्या आपोआप बंद होणाऱ्या दारामागं झालं असतं तर, हा विचार सोमशेखरच्या मनात आला.

त्यानं ईसीजीच्या कागदावरची रेघ बघितली. अशा रेघा त्यानं लोकांच्या नातेवाइकांना किती शांतपणे समजावून सांगितल्या होत्या! आज तीच रेघ त्यानं पुन्हा एकदा बघितली. लहानपणी पंचगंगेच्या घाटावर ह्याच शिवानं त्याला पाण्यातून केस धरून वर काढलं होतं.

"शिवा, ऐक. आत्ताच्या आत्ता आत घ्यायला लागतंय. स्प्रिंग बसवतो. सही कर."

शिवप्रसादनं मास्क बाजूला केला. ओठ निळसर दिसत होते.

"कशात घेतलंस?"

"काय कशात?"

"योजनेत, का... दोडप्पांच्या, तुझ्या वडलांच्या नावानं?"

"ही येळ हाय व्हय इचारायची?"

"हीच हाय, अण्णा. मागनं इचारून काय करू?" त्यानं श्वास घेतला, तोही अर्धवटच. "त्यांच्या पैशावर सही करत न्हाय मी."

"शिवा!" रत्नव्वा कॉटच्या दांडीला धरून वाकली. सगळा मान, सगळं जुनं दुखणं तिच्या अंगावरून गळून पडलं होतं. "कर बाबा सही. कुणाच्या बी पैशानं कर. माझ्यासाठी कर."

"अव्वा, तूच सांगायचीस की. बाबा काय म्हणायचं... जेवताना घास सुदिक अडकतो म्हणायचं." त्याच्या कपाळावर घाम थबथबला होता. "मी असा जगलो तर उद्या रक्षीच्या सासरी सांगतील. हिच्या बापाला आम्ही जगवला. पोरगीनं बी मान खाली घालून नांदायचं व्हय? न्हाय जमायचं."

"पप्पा, मला काय फरक पडत न्हाय!" रक्षिता रडत म्हणाली.

"मला पडतोय," शिवप्रसाद म्हणाला आणि त्यानं डोळे मिटले. यंत्राची टिक टिक मधेच अडखळली, पुन्हा सुरू झाली. सगळ्यांच्या माना एकदम तिकडं वळल्या.

*

वॉर्डाच्या दारात उभ्या असलेल्या भीमाप्पांनी शब्दन् शब्द ऐकला होता. त्यांच्या मागं बाळासो होते आणि त्यांनीही ऐकला होता.

भीमाप्पांना राग यायला हवा होता. केलं तर हे फळ, असं काहीतरी ओठापर्यंत आलंही. पण कॉटवर पडलेला माणूस त्यांना शिवा वाटेना, इराप्पाच वाटायला लागला. तीच कपाळाची ठेवण, तोच हट्ट. फक्त इराप्पानं कधी नाही म्हटलं नव्हतं. हा म्हणत होता. हा नाही म्हणत म्हणतच डोळ्यांदेखत जाणार, आणि गावभर लोक म्हणणार नाहीत की भीमाप्पानं पुतण्याला जगवला. भीमाप्पानंच मारला म्हणतील. म्हातारपणी माणसाला मरणाची भीती वाटते असं ऐकून होते, पण ही भीती वेगळी होती.

"सोमू," ते पुढं येत कुजबुजले, "सांग त्याला घेतलं म्हणून. योजनेत घेतलं म्हण आन् घे सही."

"अज्जा, योजनेत नोंद झाली की मेसेज येतोय," रक्षिता डोळे पुसत म्हणाली. "मागच्या खेपेला माझ्या फोनवर आलाता. पप्पा तो बघितल्याशिवाय ऐकायचं न्हाईत."

"मग लोकांचं दान घ्यायचं आपण? आपण?" ते दानेश्वरीकडं वळले. सवयीनं त्यांचा आवाज चढला, पण त्यात जोर नव्हता. "जन्मभर मी कुणापुढं हात पसरला न्हाय!"

"दान कुणाचं, अप्पा?" दानेश्वरी म्हणाली. आज तिनं तोंड मिटायचं नाही असं ठरवलं होतं. "तुम्ही कर भरता. शिवाभावजी साबण घेतात, काडीपेटी घेतात, फोनला रिचार्ज मारतात, त्यातनं त्यांचा बी जातोयच की. मठात पंगतीला बसलेल्याला आपण कधी विचारतो का, तू कुणाचा कोण, तुझी ऐपत काय? बसला की वाढतो. आन् वाढल्यावर मी तुला जेवू घातलं असं गावभर सांगत फिरतो का?"

शेवटचं वाक्य तिनं मुद्दाम म्हटलं की तोंडातून गेलं, तिलाही कळलं नाही. पण ते बसायचं तिथं बसलं. सोमशेखरनं बायकोकडं बघितलं आणि प्रथमच तिच्या बाजूनं मान हलवली.

भीमाप्पांनी मागं वळून बाळासोंकडं पाहिलं. सोयरीक राहणार की मोडणार, ते त्या चेहऱ्यावरून कळत नव्हतं. बाळासो फक्त बाजूला सरकले आणि त्यांनी वाट करून दिली.

भीमाप्पा तरातरा चालत काउंटरला गेले. धोतराचा सोगा पायात आला, तरी थांबले नाहीत. तिथं काल त्यांनीच हुकूम सोडलेला तो क्लार्क बसला होता.

"शिवप्रसाद इराप्पा," ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "माझा सख्खा पुतण्या हाय. त्याला योजनेत घे. आत्ताच्या आत्ता."

क्लार्क उभा राहिला. त्यानं एकदा त्यांच्याकडं आणि एकदा शेजारच्या भिंतीकडं बघितलं.

"अप्पा, सकाळपास्नं योजना बंद केलीया डॉक्टरसाहेबांनी. नवीन पेशंट घ्यायचा न्हाय म्हणून सांगितलंय, आन् ह्यांची केस तर काल तुम्हीच बंद करायला लावली. तो काय बोर्ड."

भीमाप्पांनी बोर्ड वाचला. पुन्हा वाचला. घरचा दवाखाना, पण ही गोष्ट त्यांना कुणी सांगितली नव्हती.

"तुमास्नी बी न्हाय म्हटलं व्हय, पावणं?" मागच्या बाकावरून आवाज आला. कोडोलीची बयाबाई सकाळपासून तिथं बसून होती. तिचा म्हातारा बाकावर तिच्या मांडीशी आडवा झाला होता, छातीवर हात ठेवून. "आम्हास्नी बी तेच सांगितलं. मोठ्या सरकारी दवाखान्यात जावा म्हणत्यात. तिथनंच तर आलाव. तिथं नंबर लई लांबचा हाय."

सोमशेखर धावत बाहेर आला होता. बापानं त्याचा दंड धरला.

"काढ तो बोर्ड!"

"अप्पा, काढला तर सगळ्यांसाठी काढायला लागंल. सरकारकडनं ह्या वॉर्डाचं पैसं येईनात म्हणून लावलाय तो. असंच चाललं तर सगळा दवाखानाच बंद पडंल. मग आतली माणसं कुठं जातील?"

"मग शिवापुरता काढ. मागनं लाव परत."

"आन् ह्या बाईला काय सांगू?" सोमशेखरनं बाकाकडं हात केला. "सकाळी मी स्वतः हिला न्हाय म्हटलोय. तिच्या मालकाचं बी असंच हाय, अप्पा. माझ्या भावासाठी बोर्ड काढायचा आन् तिला म्हणायचं, तुम्ही घरी जावा?"

आतून सोनमची हाक आली, "सर, लवकर!"

रत्नव्वा वॉर्डातून बाहेर आली. पदर खांद्यावरून खाली आला होता, तिला भान नव्हतं. तिनं सोमशेखरचं मनगट धरलं. ज्याला तिनं अंगाखांद्यावर खेळवलं, तो आता तिच्यापेक्षा हातभर उंच होता. ती मान वर करून बोलायला लागली.

"सोमू, मला तुझं सरकार कळत न्हाय. त्या बाईचं बी मला काय कळत न्हाय, खोटं कशाला बोलू? मला माझा ल्योक पायजे. दुसरं काय नको. तेच्यासाठी उघड तू. आन् मग तिच्या तोंडावर बंद करायला तुझा हात धजतोय का, ते मला बी बघू दे."

सोमशेखरला भीती वाटली. शिवा टेबलावरच हातातून जाईल याची, दवाखाना बुडेल याची, आणि ह्या म्हातारीनं त्याला पुरतं ओळखलंय याची. त्याचा हात धजणार नव्हता. त्याला ते माहीत होतं, तिलाही.

दानेश्वरीनं आधीच योजनेच्या आपत्कालीन नंबरला फोन लावला होता. पलीकडून कुणीतरी रुग्णाचं नाव विचारत होतं. तिनं नवऱ्याकडं बघितलं.

"दोन नावं सांग," सोमशेखर म्हणाला, आणि आत पळाला.

"शिवप्रसाद इराप्पा," दानेश्वरी फोनवर म्हणाली. "आणि दुसरं..." ती थांबली. दुसरं नाव तिला माहीत नव्हतं.

भीमाप्पा बाकाकडं वळले. बयाबाई अजून तशीच बसून होती, आपल्याविषयीच बोलणं चाललंय हे तिला उमगलं नव्हतं. ते तिच्यापुढं वाकले आणि त्यांनी दोन्ही हात जोडले.

"बाई," त्यांनी विचारलं, "तुमच्या मालकांचं पुरं नाव काय?"

त्यांचा आवाज इतका कापत होता, की तिला वाटलं, हा समोरचा म्हाताराच आपल्याकडं काहीतरी मागतोय.